लवळ्याच्या उतारावरचा गाद्यांचा ट्रक

मुळशीला जाऊन आलेली माणसं धरणाचे, धुक्याचे आणि भुट्टा खातानाचे फोटो दाखवतात. माझ्या फोनमध्ये एका ट्रकच्या पोटाखालचे एकशे बारा फोटो आहेत. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी ते सगळे बघितले. नव्वदाव्या फोटोला त्या म्हणाल्या, "छान आहे हो, पण डोंगर कुठाय?" डोंगर ट्रकच्या मागे होता. मी ट्रकच्या खाली होते. खालून डोंगर दिसत नाही, हे मला या प्रवासात कळलेलं पहिलं भौगोलिक सत्य.

बावधन

सोलापूरहून निघाले तेव्हा माझा हेतू शुद्ध होता. धाकटा भाऊ वसंता बावधनला राहतो आणि अपघात झालेल्या गाड्यांचा सर्व्हेयर आहे. म्हणजे गाडी आपटली की विमा कंपनी याला पाठवते. हा जाऊन बघतो, की काय मोडलं, का मोडलं, आणि कोण खोटं बोलतंय. वीस वर्षं दुसऱ्यांचे अपघात मोजणारा हा गृहस्थ स्वतः सोसायटीच्या जिन्यात पडला. तेही लिफ्ट चालू असताना. त्याची बायको परदेशी मुलीकडे गेलेली. मग कोण? ताई.

मी कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाची चटणी घेऊन पोचले. फाटकावरच्या पोऱ्यानं नाव, फ्लॅट नंबर, फोन नंबर आणि येण्याचं कारण विचारलं. सोलापूरला पाहुणा आल्यावर आपण विचारतो, "जेवून आलाय की जेवायचंय?" इथं प्रश्न उलट्या बाजूनं सुरू होतात. कारणाच्या रकान्यात मी "भाकरी" असं लिहिलं. त्यानं ते गंभीरपणे वाचलं आणि सोडलं.

वसंता पाय उशीवर ठेवून फोनवर ओरडत होता. "हो, हो, उद्या सकाळी लवळ्याला पोचतो!" फोन ठेवल्यावर मी त्याच्या प्लास्टरकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ताई," तो लाडात आला, "तुला ट्रकखाली शिरता येईल?"

बावन्न वर्षांच्या आयुष्यात इतका सुंदर प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

लवळे, पहिला दिवस

सोलापूरला गाडी कुठंही सोडा, ती सोडली तिथंच राहते. जमीनच तशी आहे. मुळशीत जमीन सतत कुठंतरी निघालेली असते, एक तर वर नाही तर खाली. चांदणी चौक मागे पडला आणि रिक्षा डोंगराला अशी काही भिडली, की वसंताचा प्लास्टरचा पाय माझ्या मांडीवर आला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. भाद्रपद चालू होता. भातखाचरं हिरवीगार, आणि त्यांच्या बांधाला लागून दहा-दहा मजली इमारती, जणू कुणी भातातच पेरल्यात.

लवळ्यात एका चढावर रिक्षा थांबली आणि मी टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. रस्त्यावर गाद्या! गाद्याच गाद्या! हॉस्टेलसाठी निघालेल्या निळ्या पट्ट्यांच्या सिंगल गाद्या रस्त्याच्या कडेला, कुंपणावर, बाभळीवर. कॉलेजची तीन पोरं एका ढिगावर आडवी पडून फोन बघत होती. उताराच्या तळाशी सहाचाकी ट्रक एका कंपाउंडची भिंत पाडून, नाक आत खुपसून उभा होता. बारशाला आलेली बाई पाळण्यात वाकून बघते तसा.

हकीकत अशी. दोन दिवसांपूर्वी सकाळी ड्रायव्हरनं ट्रक उतारावर उभा केला आणि पुढचा रस्ता खोदलाय का ते बघायला तो चालत गेला. पाच-सात मिनिटांत ट्रक आपल्या आपण निघाला. आत माणूस नाही, हॉर्न नाही, सरळ उतरला आणि भिंतीत घुसला. नशीब बलवत्तर, कुणाला खरचटलंही नाही. गाद्यांनासुद्धा.

ड्रायव्हर भिंतीच्या विटांवर बसला होता. दिगंबर, जामखेडकडचा, पन्नाशीचा, बारीक, पांढऱ्या मिशा. दोन रात्री तो ट्रकमध्येच झोपला होता.

"ताई, म्या दगड लावला व्हता," तो मला म्हणाला. मी कोण, काय, हे न विचारताच. दोन दिवस तो येईल त्याला हेच सांगत होता. "चाकाखाली दगड लावल्याबिगर म्या गाडी सोडत न्हाई. बावीस वर्सं झाली."

"मग दगड कुठाय?" वसंतानं कुबडीवर रेलून विचारलं.

"तेच तर! म्या आलो तर गाडी बी न्हाई आन् दगड बी न्हाई."

"हँडब्रेक?"

दिगंबर विटेवरचं सिमेंट नखानं खरवडू लागला.

"गिअरमध्ये होती?"

"न्यूट्रल." मग हळूच म्हणाला, "सेल्फ मारत न्हाई ना सायेब. उतारावर लावायची, दगड काढायचा, घरंगळली की गिअरला घालून चालू करायची. मालकाला चारदा सांगितलं. मालक म्हन्तो, पुढच्या खेपेला बघू."

आता मुद्दा ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. मालक दुसऱ्या दिवशी येणार होता, आणि येताना एक टाइप केलेला कागद आणणार होता. त्यावर लिहिलेलं होतं की हँडब्रेक उत्तम स्थितीत होता, ड्रायव्हर तो ओढायला विसरला, दगडही लावला नाही. दिगंबरनं फक्त सही करायची.

"आणि नाही केली तर?" मी विचारलं.

"तर म्हन्तो, दगड दाखव. न्हाई दाखवला तर तू खोटारडा, आन् खोटारड्याला परत कोन गाडी देतंय? केली तर माझ्यावर केस, लायसन जातंय. ताई, मला दुसरं काय बी येत न्हाई. म्या लग्नात नवरदेव म्हनून बी ट्रकच चालवत गेलतो."

वसंतानं मला बाजूला घेऊन कायदा समजावला. त्याला हे फार आवडतं. "भिंत तिसऱ्या माणसाची. तिची भरपाई विमा कंपनीनं द्यायचीच, ड्रायव्हर कितीही चुकला तरी. नोकर कामावर असताना चुकला की मालक जबाबदार, मालकाच्या मागे विमा. पण मालकाला स्वतःच्या ट्रकचीही भरपाई हवीय. गाडी धड ठेवलीच नव्हती असं दिसलं, तर ती अडकते. म्हणून त्याला गाडी धड हवी आणि ड्रायव्हर वेंधळा हवा. कळलं? आता खाली शीर."

मी पदर खोचला आणि शिरले. मंडळी, ट्रकच्या पोटाखाली एक वेगळंच जग आहे. तिथं ग्रीस आहे, चिखल आहे, आणि अपघाताची पर्वा न करता जाळं विणणारा एक कोळी आहे. वसंता बाहेरून ओरडत होता, "डावीकडे! तुझी डावी नाही, ट्रकची डावी!" हँडब्रेकची केबल सापडली. तुटलेली, गुंडाळलेली, आणि सुतळीनं वर बांधून ठेवलेली. सुतळीवर वाळलेल्या चिखलाचा जाड थर. मी पंधरा फोटो काढले.

मग पुढच्या चाकाजवळ थबकले. टायरच्या खाचांमध्ये काहीतरी शेंदरी रंगाचं चिकटलं होतं. बोटानं खरवडलं. तेलकट.

"दगड कसला होता हो?" मी बाहेर येऊन दिगंबरला विचारलं.

"नारिंगी. प्लॉटिंगचा. त्यो बघा, तसला." त्यानं हात केला. खरंच, रस्त्याच्या कडेनं नारिंगी रंगवलेले खांब ओळीनं उभे होते. इथं शेतं विकली गेली की प्लॉट पाडतात, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर रंगवलेला खांब रोवतात. मी जाऊन एकाला हलवलं. दुसऱ्याला हलवलं. सगळे काँक्रीटमध्ये गाडलेले! एकही सुटा नाही. मग याला सुटा दगड मिळाला कुठून?

एवढ्यात पडक्या भिंतीतून आवाज आला. "ओ बाई! खांब उपटून न्हेताय काय? हिकडं या, जेवाया."

या हौसाबाई. भिंत यांची. भिंतीमागं यांच्या सोळा खोल्या, त्यात कॉलेजच्या पोरी भाड्यानं राहतात. सत्तरीच्या, नऊवारी, पायांत मात्र कुणा पोरीनं सोडून गेलेले गुलाबी बूट. सोलापुरात अनोळखी माणसाला आधी चहा देतात आणि चहावरून माणूस जोखून जेवण ठरवतात. हौसाबाईंनी थेट ताट मांडलं. इंद्रायणी तांदळाचा चिकट, सुगंधी भात आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा झणझणीत रस्सा. मी खेकडा प्रथमच खात होते. खेकडा खाणं म्हणजे कुलूप लावलेल्या कपाटातून लाडू चोरणं. अर्धा तास खटपट, आणि हाताला लागतं चिमूटभर. पण ते चिमूटभर! वसंतानं तर नांगी फोडायला कुबडी वापरली.

"आदी हितं भात व्हायचा," हौसाबाई वाढताना म्हणाल्या, "आता पोरी हुत्यात. पान्याची मोटर दोगांस्नी बी लागती. खा, लाजू नगा."

हात धुवायला मी मागच्या बाजूनं रस्त्याकडे गेले, आणि तिथं बघते तर काय! प्लॉटिंगच्या दोन खांबांच्या मध्ये, उघड्यावर, एक देव. दीड वीत उंचीचा उभट दगड, वर शेंदराचा ताजा, बोटभर जाड थर, इतका ताजा की माशी बसली तर चिकटेल. भोवती दुधाचे ओघळ. आणि एका बाजूला त्या बोटभर थरातूनही दिसत होते टायरच्या नक्षीचे खळगे.

मी वळले तर हौसाबाई मागं उभ्या.

"आजी," मी म्हटलं, "देवाला अभ्यंगस्नान? दिवाळीला अजून वेळ आहे."

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि माझा हात धरून खाली बसवलं. बसल्या, आणि एकदम हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

"बाई, काय सांगू! सकाळच्या पारी तांब्या घिऊन आले, तर म्हसोबा जागंव न्हाई! म्या म्हनलं, देव बी जागा इकून ग्येला काय? हुडकलं तर टरकाच्या चाकाखाली. आडवा! म्हसोबा! मला कायबी सुचना. पहार आनली, घातली, आन् काढला भाईर. पदरात घिऊन माघारी वळले, तर मागनं धाडकन आवाज. म्या म्हनलं, कुनाची वो भित्ताड पडली? बगते तर माझीच!"

मीही हसत सुटले. दोघी पदरानं डोळे पुसत होतो. मग त्या थांबल्या.

"त्या डायवरला सांगू नगा. हितं आंबा हुता, त्याच्या बुडाला देव बसायचा. रस्ता रुंद केला, आंबा ग्येला, देव उघडा पडला. परक्या मानसाला कसं कळावं? पर गावाला कळलं की म्हसोबा चाकाखाली घातला, तर त्याला तुडीवत्याल वो. आन् पोलिसाला कळलं दगुड म्या काढला, तर भित्ताड गेलीच, वर मलाच न्हेत्याल."

म्हणजे बघा. दगड दाखवला नाही तर दिगंबर खोटारडा. दाखवला तर गाव त्याला सोडणार नाही. सोळा खोल्यांची मालकीण आणि सहा चाकांचा ड्रायव्हर, दोघांचीही गोष्ट त्या एका शेंदरी दगडावर येऊन अडकली होती. मी रिक्षात वसंताला सगळं सांगितलं. त्यानं आधी कुबडीवरचा खेकड्याचा रस्सा पुसला. मग म्हणाला, "मी रिपोर्टमध्ये दगड लिहू शकतो. पण सांगायला कुणीतरी पाहिजे. ते आपलं काम नाही, ताई."

लवळे, दुसरा दिवस

मालक आला. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि हाताखाली तो कागद. क्रेननं ट्रक मागे ओढून पुन्हा उतारावर उभा केला होता. मागून जाड वायरनं धरलेला. चौकीतले हवालदार पंचनाम्याला आले होते. पाऊस थांबला होता, त्यामुळे अर्धं गाव आणि बरीचशी कॉलेजची पोरं गाद्यांवर बसून वाट बघत होती. मी शिकवते त्या शाळेच्या गॅदरिंगलाही इतकी गर्दी नसते, आणि खुर्च्या तर इतक्या मऊ कधीच नसतात.

"साहेब, हँडब्रेक एकदम कडक आहे," मालक वसंताला म्हणाला. "ड्रायव्हर लोक ओढतच नाहीत. आदत नाही त्यांना. हा कागद वाचा, सगळं लिहिलंय. दिगू, सही कर."

"आधी तपासतो," वसंता म्हणाला. "दिगंबर, वर बसा. हँडब्रेक ओढा, मग पायाचा ब्रेक सोडा."

"काय गरज आहे? मी सांगतोय ना, कडक आहे!"

गर्दीतून हौसाबाई पुढं आल्या. गुलाबी बूट चिखलातून पचक पचक करत. "कडक हाय न्हवं?"

"अहो आजी, एकदम कडक!"

"मंग उबा ऱ्हा की टरकाम्होरं."

हशा पिकला. एक पोरगं ओरडलं, "शेठ, व्हिडिओ चालू आहे!" मालक हसला, फोन खिशात घातले, आणि इभ्रतीखातर खरोखरच ट्रकपुढं जाऊन उभा राहिला. चार पावलांवर. कमरेवर हात. क्रेनवाल्यानं वायर हातभर सैल सोडली. मालकाचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि त्याला सांगायचं मला तर सुचलंच नाही.

दिगंबरनं दांडा ओढला. कर्रर्र. मग पाय उचलला.

ट्रक हलला. फक्त हातभर, मग वायर ताणली आणि थांबला. पण मालक थांबला नाही. इतकी सुंदर उडी मी उभ्या आयुष्यात बघितली नाही. दोन्ही पाय जुळलेले, हात पुढं, सरळ गाद्यांच्या ढिगात! फक्त बूट दिसत होते. पोरांनी दहापैकी साडेनऊ गुण दिले.

"अपघातात तुटली असेल केबल!" ढिगातून आवाज आला.

वसंतानं माझा फोन त्याच्यापुढं धरला. "तुटता तुटता तिनं स्वतःला सुतळीनं बांधूनही घेतलं का? आणि सुतळीवर दोन पावसाळ्यांचा चिखल?"

पण मालक काही कच्चा नव्हता. उठला, केस नीट केले आणि थेट हवालदारांकडे गेला. "ठीक आहे, केबलचं माझं मी बघतो. पण दगड? हा म्हणतो लावला. दाखव म्हणा! ज्याला माहीत आहे ब्रेक नाही, त्यानं दगडसुद्धा न लावता भरवस्तीत गाडी सोडली. एखादं पोर खाली आलं असतं तर? आता सांगा गुन्हा कुणाचा. दिगू, सही कर. मी वकील देतो तुला."

गर्दीतलं हसू विरलं. हे बोलणं कपटी होतं, पण बिनबुडाचं नव्हतं. हवालदार दिगंबरकडे वळले. "दाखवता दगड?"

दिगंबर ट्रकमधून उतरला. "सायेब, ब्रेक न्हाई हे मला ठावं व्हतं. तरी म्या गाडी चालवली. ती माझी चूक, ती लिवा. पर दगड लावला न्हाई, असं लिवू नगा." मालकानं पुढं केलेला कागद त्यानं हातात घेतला, पेन घेतलं. पेनाचं टोपण काढलं. मी हौसाबाईंकडे बघितलं. 

"थांब," हौसाबाई म्हणाल्या. "हवालदार, हिकडं या. दगुड दावते."

त्या पुढं, हवालदार मागं, त्यांच्या मागं गाव. त्या म्हसोबापाशी थांबल्या आणि बोट दाखवलं. "ह्यो."

 मग कुणीतरी म्हणालं, "म्हसोबा? चाकाखाली?" आणि सगळ्या माना दिगंबरकडे वळल्या. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. आपण काय उचललं होतं, ते त्याला आत्ता, या क्षणी कळत होतं. त्यानं चपला काढल्या आणि तिथंच गुडघ्यांवर बसला. दोन तरणी माणसं पुढं सरकली.

"मागं व्हा," हौसाबाई म्हणाल्या. आवाज चढवलाच नाही. "ह्या मानसानं देव उघड्याव ठिवला न्हाई. आंबा कुनी तोडला? तुमी तवा कुटं हुता? टरकाला बिरेक न्हवता. म्हसोबा चाकाखाली हुता तवर टरक जागचा हालला न्हाई. त्यो गाव राखत बसला हुता, आन् म्या येडीनं त्याला उटीवला. माझ्या हातानं. मंग पडली भित्ताड. लिवा, हवालदार."

ती दोन तरणी माणसं उभी होती तिथंच राहिली. एकानं कानाच्या पाळीला हात लावला.

हवालदारांनी घसा खाकरला. "आजी, नियमानं दगड जप्त करावा लागतो. मुद्देमाल म्हणून."

"घिऊन जावा," हौसाबाई म्हणाल्या. "तुमच्या कोठडीत ठिवा म्हसोबाला. मंग राती चौकीत कोन थांबनार, त्येवडं सांगून जावा."

हवालदारांनी देवाकडे बघितलं. गावाकडे बघितलं. मग वसंताला हळूच विचारलं, "फोटोवर भागेल का हो?"

"माझ्याकडे भागेल," वसंता म्हणाला. "दगड ब्रेक नसतो, साहेब. गाडीनं स्वतःच्या ब्रेकवर उभं राहायचं असतं. दगड कुणी काढला यानं केबल जोडली जात नाही. आणि आजींच्या भिंतीची भरपाई तर लागूच आहे."

"मग निदान मोजमाप घेतो. पंच कोण?"

मी हात वर केला. आयुष्यात कधी इतक्या उत्साहानं हात वर केला नव्हता.

हवालदार खाली बसले, बूट काढले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टेप उलगडली. टेप देवाला लागू नये म्हणून एक वीत अंतरावरून मोजमाप घेतलं. उंची, रुंदी, रंग शेंदरी, डाव्या अंगावर टायरचे व्रण. हौसाबाई त्यांना एकेक शब्द मोठ्यानं वाचायला लावत होत्या. मालक लांब उभा राहून फोनवर कुणाला तरी काही समजावत होता. कुणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

वसंतानं स्वतःच्या फॉर्मवर दिगंबरचं निवेदन लिहिलं. ब्रेक नादुरुस्त असल्याचं मला माहीत होतं, मालकाला वारंवार सांगितलं होतं, चाकाला दगड लावला होता. "पहिलं वाक्य तुमच्याही विरुद्ध जातं बरं का," त्यानं बजावलं. "केस होऊ शकते. लायसनचंही सांगता येत नाही."

"खरं हाय ना? मग ऱ्हाऊ द्या," दिगंबर म्हणाला.

त्यानं निवेदन एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग कागद म्हसोबासमोरच्या फरशीवर ठेवला आणि गुडघ्यांवर बसूनच, जिभेचं टोक दातांत धरून, पूर्ण नाव लिहून सही केली. उठताना देवाच्या पायाशी हात टेकून कागद उचलला, तर कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा शेंदूर लागला.

"अर्रर्र," तो घाबरून म्हणाला, "कागद खराब झाला सायेब. दुसरा करू?"

"नको," वसंता म्हणाला. "चालेल असाच."